पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण आम्ही दोघे गेली अठरा-वीस वर्षे प्रथम वर्षाच्या वर्गात शिकवीत आलो आहोत. अर्थ सांगावा, वाक्यात उपयोग करून दाखवावा, एखाद्या थोर पुरुषाच्या बालपणाचा दाखला द्यावा आणि पुढल्या म्हणीकडे वळावे, असा आमचा ठरलेला क्रम. म्हण मुळात खरी आहे काय, हा प्रश्न कोणा विद्यार्थ्याने कधी विचारला नाही आणि आम्हांलाही तो पडला नाही. तो पडला अमेरिकन फुटबॉलमुळे. आणि तोही मैदानावरच्या नव्हे, कागदावरच्या फुटबॉलमुळे.

ही भानगड आमच्या गळ्यात कशी पडली, ते आधी सांगितले पाहिजे. आमचा एक जुना विद्यार्थी न्यू जर्सीत स्थायिक आहे. तिथल्या मित्रांसह तो बारा संघांची एक फँटसी लीग चालवतो. २०२३च्या वसंतात त्यांच्यातला एक जण संघ सोडून गेला. अशा मागे राहिलेल्या संघाला त्या जगात 'ऑर्फन', म्हणजे अनाथच म्हणतात. "सर, मॅडम, तुम्ही दोघं मिळून घ्या ना. तुम्हाला माणसं वाचायची सवय आहे," असे त्याने फोनवर सुचवले. स्तुतीला भुलण्याची आमच्या पेशाची खोड जुनीच आहे. आम्ही होकार दिला. पैशांचा व्यवहार नाही हे आधी विचारून घेतले. शेवटच्या क्रमांकावर राहील त्याने उरलेल्या अकरा जणांना काहीतरी पाठवायचे, एवढाच दंड; आमच्यासाठी तो दिवाळी अंकांचा ठरला. पहिल्याच वर्षी अकरा पत्त्यांवर दिवाळी अंक पाठवण्याचा टपालखर्च आम्ही भरला आहे.

फँटसी म्हटले की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे मोबाइलवरची क्रिकेटची ॲपे येतात: सामन्यापूर्वी अकरा जण निवडा, पैसे लावा, रात्री निकाल बघा. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा झाला आणि आपल्याकडे त्यांतल्या पैशांच्या स्पर्धा बंद पडल्या. अमेरिकेतले मूळ प्रकरण मात्र पुष्कळच जुने आणि पुष्कळच घरगुती आहे. १९६२ साली ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख संघाबरोबर न्यूयॉर्कला गेले असता एका हॉटेलात दोघातिघांनी बसून या खेळाचे नियम आखले. पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये विंकेनबाख यांच्या घरी आठ संघांनी पहिली निवड केली. खऱ्या खेळाडूंची नावे आळीपाळीने वाटून घ्यायची आणि त्या खेळाडूंनी खऱ्या सामन्यांत जे केले त्याचे गुण आपल्या खात्यात जमा करायचे, इतकाच हा खेळ. आज बहुतेक लीगमध्ये दहा यार्डांच्या धावेला एक गुण, टचडाउनला सहा आणि पुष्कळ ठिकाणी प्रत्येक झेलाला एक असा हिशेब असतो. त्या पहिल्या बैठकीतली पहिली निवड होती जॉर्ज ब्लँडाची. जिम ब्राउनसारखा धावणारा गडी समोर असताना ती केली गेली, आणि त्याच हंगामात ब्राउनने १,८६३ यार्ड धावून तेव्हाचा विक्रम केला. म्हणजे पहिली निवड आणि पहिला पश्चात्ताप हे दोन्ही एकाच दिवसाचे.

दर वर्षी कोऱ्या पाटीने खेळणाऱ्या लीगमध्ये नवखे खेळाडू जुन्यांच्या गर्दीतच निवडले जातात. आमची लीग 'डायनॅस्टी' प्रकारची आहे. तीत खेळाडू एकदा आपल्याकडे आला की तो विकेपर्यंत किंवा निवृत्त होईपर्यंत आपलाच. म्हणून दर वर्षी नव्याने निवडायचे ते फक्त त्या वर्षी व्यावसायिक फुटबॉलमध्ये आलेले नवखे, ज्यांना तिकडे रूकी म्हणतात. एप्रिलअखेर खऱ्या संघांची महाविद्यालयीन खेळाडूंतून निवड होते. त्यानंतर मे महिन्यात किंवा पुढे कधीतरी आमची. आदल्या वर्षी जो तळाला, त्याला पहिला मान. ही युक्ती खऱ्या फुटबॉलमधूनच आलेली आहे. फिलाडेल्फियाच्या बर्ट बेल यांनी १९३५ साली ती सुचवली आणि १९३६ साली ती अमलात आली. दुबळ्याला पहिला घास, अशी ती व्यवस्था. एखाद्या धनिकांच्या खेळात एवढा साम्यवाद आम्ही दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता आमच्या मुद्द्याकडे येतो. नवखा निवडणे ही एक प्रकारची समीक्षा आहे, असे आम्ही सुरुवातीला मानत होतो. आणि ती बहुतांशी वाईट समीक्षा आहे, असे आज आमचे मत आहे. जुन्या खेळाडूच्या बाबतीत वाचायला मजकूर असतो: त्याचे चार-पाच हंगाम, त्याच्या दुखापती, त्याचे पडते-चढते दिवस. नवख्याने या पातळीवर अजून एक चेंडूही झेललेला नसतो. जे पुस्तक लिहूनच झालेले नाही त्याचे परीक्षण करायचे, तर माणूस मलपृष्ठ वाचतो, लेखकाचा फोटो पाहतो, प्रकाशकाचे नाव पाहतो. रूकीच्या बाबतीत हेच तीन प्रकारे घडते.

पहिला प्रकार क्रमांकाचा. खऱ्या निवडीत तो कितवा गेला, यावर फँटसीतली त्याची किंमत ठरते. क्रमांकाला अर्थ नसतो असे आम्ही म्हणणार नाही. वरच्या क्रमांकाच्या मुलावर संघाचा पैसा आणि अब्रू लागलेली असते, त्यामुळे त्याला संधी लवकर आणि पुन्हापुन्हा मिळते. पण क्रमांक ही घेणाऱ्याच्या अपेक्षेची नोंद आहे, येणाऱ्याच्या कर्तबगारीची नव्हे. १९३६च्या त्या पहिल्यावहिल्या निवडीत सर्वप्रथम निवडला गेलेला जे बर्वँगर हा शिकागो विद्यापीठाचा खेळाडू व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. मेहनतान्याचे जमले नाही आणि त्याने दुसरा व्यवसाय पत्करला. या साऱ्या परंपरेचा पहिला नंबर असा रिकामा आहे, हे आम्हांला फार बोलके वाटते. उलट २००० साली टॉम ब्रेडी १९९वा गेला. २०२३ साली पुका नाकुआ १७७वा गेला आणि पहिल्याच हंगामात १०५ झेल व १,४८६ यार्ड करून त्याने नवख्यांचे विक्रम मोडले.

दुसरा प्रकार वेगाचा. इथे तर म्हणीतले पाय अक्षरशः मोजले जातात. दर वर्षी इंडियानापोलिसला या मुलांना एकेकट्याने चाळीस यार्ड पळवतात आणि सेकंदाचा शंभरावा भाग टिपून घेतात. २०१७ साली जॉन रॉस हे अंतर ४.२२ सेकंदांत पळाला. त्या वेळचा तो उच्चांक. पुढे २०२४ साली झेव्हियर वर्दीने ४.२१चा केला. सिनसिनाटीने रॉसला नववा क्रमांक दिला. त्या पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही. त्याच्या पाठोपाठ, दहाव्या क्रमांकावर, कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्सला घेतले. त्याने पहिले वर्ष जवळजवळ संपूर्ण बाकावर काढले, अॅलेक्स स्मिथच्या मागे उभे राहून. सामना खेळला तो एकच, हंगामाच्या अखेरचा. पहिल्या वर्षाच्या गुणांवर न्याय करायचा तर दोघेही नापास. दुसऱ्या वर्षी महोम्सने ५,०९७ यार्ड आणि ५० टचडाउन फेकून सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. वेग मोजता आला. बाकावर बसलेला मुलगा त्या वर्षात काय शिकत होता, ते मोजायचे घड्याळ इंडियानापोलिसात नव्हते.

तिसरा प्रकार घराण्याचा. आणि यात आम्ही स्वतःच सापडलो. पहिल्या वर्षी तळाला राहिल्याने २०२४च्या मे महिन्यात पहिला मान आमचा होता. समोर होता मार्विन हॅरिसन ज्युनियर. त्याचे वडील इंडियानापोलिसचे नामवंत झेलकरी. २००२ साली एका हंगामात १४३ झेल घेऊन त्यांनी त्या काळचा विक्रम केला होता आणि पुढे त्यांची गणना फुटबॉलच्या मानकऱ्यांत झाली. ख्यालगायकीवर आणि घराण्यांवर तासन् तास बोलणाऱ्या आम्हा दोघांना आणखी काय हवे होते? खाण तशी माती! शिवाय साऱ्या जाणकारांच्या याद्यांतही तोच पहिला होता, त्यामुळे चुकलो तरी बहुमतात चुकलो असे समाधान हाताशी होते. त्याच यादीत दुसरा मलिक नेबर्स होता, आणि बराच खाली ब्रायन थॉमस ज्युनियर. त्याच्या नावातही ज्युनियर आहे, पण तो कोणाचा ज्युनियर हे पाहण्याची आम्हांला गरज वाटली नाही.

८ सप्टेंबर २०२४. तिकडचे रविवार दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे गेली की साडेअकराला. सोमवारी सकाळचा पहिला तास असूनही आम्ही जागलो. हॅरिसनच्या पहिल्या सामन्याचा ताळेबंद: एक झेल, चार यार्ड. आमच्यातल्या एकाने मध्यरात्रीच निरोप धाडला, "विकून टाकू या." दुसऱ्याने उत्तरच दिले नाही. पुढच्या रविवारी त्याच मुलाने एकशे तीस यार्ड आणि दोन टचडाउन केले आणि तो निरोप पुसून टाकण्याची धडपड सुरू झाली. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर ६२ झेल, ८८५ यार्ड व ८ टचडाउन होते. नेबर्सच्या नावावर १०९ झेल व १,२०४ यार्ड. थॉमसच्या नावावर ८७ झेल, १,२८२ यार्ड व १० टचडाउन. आमच्या लीगच्या हिशेबाने नेबर्स आणि हॅरिसन यांच्यात सत्तरएक गुणांचे अंतर पडले. गटावर हॅरिसनला 'बस्ट' म्हणण्यास सुरुवात झाली. बस्ट म्हणजे आपला फुसका बार. आठशे पंच्याऐंशी यार्ड करणारा बावीस वर्षांचा मुलगा फुसका बार कसा ठरतो? तर त्याने काय केले यावरून नव्हे, आम्ही काय गृहीत धरले होते यावरून. आमच्या अपेक्षेचे कर्ज आम्ही त्याच्या नावावर मांडले होते आणि वसुलीला निघालो होतो.

या खेळात मुरलेले लोक म्हणतील, की तुम्ही चुकीचे पाय पाहिलेत. अहो, पाय नव्हे, पाळणा बघायचा! म्हणजे मुलगा कोणत्या संघात पडला, तिथला प्रशिक्षक कोण, त्याच्यापुढे कोण उभा आहे, चेंडू त्याच्याकडे किती वेळा येईल, हे बघायचे. ही समीक्षा निश्चितच अधिक शहाणी आहे आणि आम्ही ती आता मान्य केली आहे. नवख्याचे गुण त्याच्या अंगच्या गुणांइतकेच त्याच्या जागेचे असतात. पण या शहाणपणालाही एक काळी बाजू आहे, आणि ती 'संधी' या गोंडस शब्दाखाली झाकली जाते.

२०१७ साली करीम हंट तिसऱ्या फेरीत, ८६वा निवडला गेला. कॅन्सस सिटीत त्याच्यापुढे स्पेन्सर वेअर होता. ऑगस्टमध्ये सरावाच्या सामन्यात वेअरचा गुडघा गेला आणि एका रात्रीत फँटसीच्या बाजारात हंटचा भाव वधारला. पहिल्या सामन्यात पहिल्याच वेळी हंटच्या हातून चेंडू निसटला. त्यानंतर त्याने त्याच सामन्यात २४६ यार्ड आणि तीन टचडाउन केले. हंगामाअखेर १,३२७ यार्डांसह तो धावणाऱ्यांत सर्वप्रथम होता. नाकुआच्या कथेचाही आरंभ असाच आहे: कूपर कप जायबंदी होऊन पहिले चार सामने बाहेर होता आणि चेंडू कोणाकडे तरी जायलाच हवे होते. वेअरच्या गुडघ्याचे भाषांतर आम्ही 'संधी' असे करतो. भाषा शिकवणाऱ्याने निदान या भाषांतरापाशी थबकायला हवे.

या जगाची परिभाषा एकदा नीट ऐकावी. संघ सांभाळणाऱ्याला कित्येक वर्षे 'ओनर', मालक म्हणत. अलीकडे पुष्कळ ठिकाणी 'मॅनेजर' म्हणू लागले आहेत, पण बोलताना जुनाच शब्द तोंडात येतो. खेळाडू हा 'ॲसेट'. एकच खेळाडू आपल्या तीन लीगमध्ये असला तर आपल्यापाशी त्याचे तीन 'शेअर'. भाव चढला असताना विकावा, पडला असताना घ्यावा. रूकीचा तर आणखी कौतुकाचा प्रकार: अजून महाविद्यालयात असलेल्या, कोण ते ठरलेलेही नसलेल्या मुलांवरचा हक्क 'दोन वर्षांनंतरची पहिली निवड' म्हणून आजच खरेदी-विक्रीला असतो. उभ्या पिकाचा सौदा आपल्याकडेही होतो. हा पेरणीपूर्वीचा सौदा. आणि गंमत अशी, की चेहरा नसलेली ही निवड प्रत्यक्ष खेळाडूपेक्षा कित्येकदा महाग असते. तिला गुडघा नसतो, तिला वाईट रविवार नसतो. ती नुसती आशा असते. माणूस झाली की तिची किंमत घटू लागते.

याच भाषेने आमचे काय केले, ते आता सांगतो. पहिल्या वर्षी, २०२३ साली, त्या अनाथ संघाबरोबर पहिला मानही आमच्याकडे आला होता आणि आम्ही बिजान रॉबिन्सनला घेतले होते. अॅटलांटाने त्याला आठवा क्रमांक दिला होता, आणि इतका तयार धावपटू बऱ्याच वर्षांत आला नाही असे सगळे म्हणत होते. २२ ऑक्टोबरच्या रात्री तो मैदानात होता, पण चेंडू त्याच्याकडे येईना. सबंध सामन्यात एक धाव, तीन यार्ड. नंतर कळले, त्याचे डोके दुखत होते. बरे वाटत नव्हते. ती गोष्ट संघाने आधी जाहीर केली नाही म्हणून पुढे लीगने संघाला आणि प्रशिक्षकाला दंडही केला. तो दंड योग्यच. पण त्या रात्री आम्ही गटावर काय लिहिले? "डोकं दुखतंय? हे काय कारण झालं?"

सकाळी पहिल्या तासाला एक मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "सर, डोकं फार दुखतंय. मागच्या बाकावर बसू का?" आमच्यातल्या ज्याचा तो तास होता त्याने तिला घरी जायला सांगितले, आणि दुपारी स्टाफरूममध्ये दुसऱ्याला ते सांगताना तो मध्येच थांबला. बिजान तेव्हा एकवीस वर्षांचा होता. आमच्या एम.ए.च्या वर्गातल्या मुलांएवढा. त्याच्या डोकेदुखीला आम्ही हजेरीपटाइतकीही सवलत दिली नव्हती, कारण तो आम्हांला मुलगा म्हणून कधी दिसलाच नव्हता.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. हंगामाअखेर त्याच्या धावा ९७६ यार्डांच्या भरल्या. वाईट मुळीच नव्हे. पण जाहिरात याहून मोठी होती, म्हणून निराशा. संघाने प्रशिक्षक बदलला. २०२४ साली त्याच पायांनी, त्याच मैदानावर, तो १,४५६ यार्ड धावला आणि धावत १४ टचडाउन केले. वर्षभरात पाय बदलले नव्हते. पाळणा हलवणारा हात बदलला होता. आम्ही त्याला विकले नव्हते, हे खरे. पण त्यात आमचे शहाणपण कमी आणि आम्हा दोघांचे एकमत न होण्याची जुनी सवय अधिक कारणीभूत होती. प्रामाणिकपणाने इतके कबूल करतो.

याहून कठीण कबुली पुढेच आहे. २८ सप्टेंबर २०२५च्या रात्री, हंगामाच्या चौथ्या सामन्यात, मलिक नेबर्सच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. ज्याला न घेतल्याबद्दल आम्ही वर्षभर हळहळलो होतो, तोच हा नेबर्स. वर उडी घेतलेला मुलगा खाली आला आणि गुडघा धरून पडून राहिला; गाडीतून त्याला मैदानाबाहेर नेले. दोन वेगळ्या घरांत दोन वेगळ्या पडद्यांवर आम्ही ते पाहत होतो. आणि नंतर एकमेकांशी बोलताना दोघांनाही एकच गोष्ट कबूल करावी लागली, की पहिल्या क्षणी आम्हांला हायसे वाटले होते. आमची निवड अगदीच चुकली नव्हती, असे काहीसे. क्षणभरच, पण वाटले. बावीस वर्षांच्या एका मुलाचा गुडघा तुटल्याने आमची समीक्षा सुधारली होती.

हा केवळ खेळ आहे, त्याचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. त्या मुलांना कोट्यवधी रुपये मिळतात. आपण मनात काय म्हणालो याने त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. पहिले म्हणणे आम्हांला मान्य आहे, दुसरे अर्धेच. २०११ सालच्या करारापासून नवख्यांचे वेतन निवडीच्या क्रमांकाने बांधून दिलेले आहे आणि करार चार वर्षांचा असतो. धावपटूंचे उमेदीचे दिवस बहुधा त्यातच सरतात. शिवाय फँटसीत हरलेल्या लोकांनी खेळाडूंना थेट शिवीगाळीचे, धमक्यांचे निरोप पाठवावेत, हा प्रकार तिकडे सर्वश्रुत आहे आणि कितीतरी खेळाडूंनी तो जाहीरपणे सांगितला आहे. म्हणजे मनातले मनात राहत नाही. आणि समजा राहिले, तरी ज्याच्या मनात राहते त्याचे काय? आम्हांला चिंता त्या मुलांपेक्षा स्वतःची अधिक वाटली. कारण दर रविवारी रात्री आम्ही जी नजर वापरत होतो, तीच घेऊन सोमवारी सकाळी साठ मुलांसमोर उभे राहत होतो. बारावीचे गुण म्हणजे क्रमांक. पहिल्या आठवड्यात कोण चटकन हात वर करतो, तो वेग. कोणाचे वडील लेखक, कोणाची आई शिक्षिका, हे घराणे. पहिल्या महिन्यातच आमच्या मनात याद्या तयार असतात आणि वर्षाअखेर 'निराशा केली' असा शेरा आम्ही अशा मुलांवर मारतो, ज्यांनी आम्हांला कसलेच वचन दिलेले नसते.

मग रूकी निवडायचेच नाहीत काय? असे आमचे म्हणणे नाही. नवख्याची ओढ ही या खेळातली सर्वांत निर्मळ गोष्ट आहे. झालेले सगळे ज्याला माहीत आहे त्यालाही न झालेल्याचे कुतूहल वाटावे, यातच खेळाचा आणि वाचनाचाही जीव आहे. नवोदितांवर पैज लावायची नाही असे सगळ्यांनी ठरवले, तर जुन्यांच्याच आवृत्त्या निघत राहतील. आमचे म्हणणे इतकेच, की नवखा निवडणे म्हणजे त्याच्याकडून काही घेण्याचा हक्क मिळवणे नव्हे. त्याला काही देणे आहे, आणि ते म्हणजे वेळ. डायनॅस्टी लीगमध्ये यासाठी एक सुंदर सोय आहे. मुख्य संघाबाहेर तीन-चार नवख्यांना नुसते बसवून ठेवता येते. त्यांचे गुण मोजले जात नाहीत. तिला 'टॅक्सी स्क्वॉड' असे विचित्र नाव आहे. आमच्या मते साऱ्या नियमावलीतला हा सर्वांत सुसंस्कृत नियम होय.

त्यावरून आम्ही दोघांनी आमच्यापुरते काही ठरवले आहे. घेतलेल्या नवख्याला दोन हंगाम विकायचे नाही, मग गटावर कोणी काही म्हणो. याद्या पाहायच्या, पण क्रमांक झाकून. मुलगा कुठे पडला, त्याच्यापुढे कोण आहे, त्याला किती चुका परवडतील, हे आधी वाचायचे. कोणाच्या दुखापतीने आपला खेळाडू वर आला, तर त्या दुखापत झालेल्याचे नाव एकदा तरी मोठ्याने घ्यायचे. आणि 'बस्ट' हा शब्द वापरायचा नाही. या पथ्यांनी आमचा क्रमांक सुधारेल याची खात्री नाही. तळाला राहिलो तर अकरा दिवाळी अंक पाठवावे लागतील. त्या निमित्ताने न्यू जर्सीत चार माणसे मराठी वाचतील, हा तोटा आम्ही सोसू.

हे सारे आमच्या विद्यार्थ्याला फोनवर सांगितले, तेव्हा तो हसला. म्हणाला, "सर, अशानं तुम्ही कायम तळाला राहाल." मग थोडा थांबून म्हणाला, "पण पहिल्या वर्षाला मीही कुठं काय केलं होतं? एटीकेटी होती मला." ही गोष्ट आम्ही साफ विसरलो होतो. तो हुशार होता, हे पहिल्या दिवसापासून आमच्या लक्षात आले होते, असे आम्ही इतकी वर्षे सगळ्यांना सांगत आलो होतो.

म्हण आम्ही अजूनही शिकवतो; अभ्यासक्रमात आहे. फक्त पाय दिसतात असे सांगून झाल्यावर, ते पाहणाऱ्याला पुष्कळदा मागाहून दिसतात, एवढे एक वाक्य आता जोडतो.